फ्री डिशबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न: महिन्याचं रिचार्ज नसलेला टीव्ही

नातेवाईक आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवर डिश बसवून देण्याचं काम मी हौसेने बरीच वर्षं करतोय. तिथे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. इथे ‘फ्री डिश’ म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीची, उपग्रहावरून थेट घरी टीव्ही पोचवणारी डीडी फ्री डिश.

खरंच दर महिन्याला काहीच भरावं लागत नाही?

नाही. महिन्याला नाही, वर्षालाही नाही. ही सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ३३ वाहिन्या घेऊन सुरू झाली, पुढे तिचं नाव ‘डीडी फ्री डिश’ झालं. सुरुवातीपासून आजपर्यंत तिला मासिक शुल्क लागलेलं नाही. आज देशातल्या ४ कोटींहून अधिक घरांत ती पोचली आहे.

खर्च होतो तो एकदाच: डिश, एलएनबी (डिशच्या दांड्यावरचं ते छोटं डोकं), केबल आणि सेट टॉप बॉक्स. बसवण्याच्या मजुरीसकट सगळं साधारण दोन हजारांच्या आत-बाहेर बसतं. नेहमीच्या बॉक्सला कार्डही नसतं आणि ग्राहक क्रमांकही नसतो.

फोन आला होता, ‘तुमच्या फ्री डिशची मुदत संपत आली, रिचार्ज करा’. भरायचे का पैसे?

अजिबात नाही. फोन ठेवून द्या.

हा प्रश्न मी मुद्दाम वर घेतला आहे. माझ्या मावशीने अशाच एका फोनवर ३९९ रुपये भरले. समोरचा माणूस गोड बोलत होता, ‘माई, आज नाही भरलं तर उद्या मालिका दिसणार नाही’ म्हणाला. नेमक्या त्याच आठवड्यात तिच्या दोन वाहिन्या गेल्या होत्या, त्यामुळे तिला ते खरंच वाटलं. मी गेलो, रिमोटवरून स्कॅन केलं आणि एक वाहिनी परत आली. दुसरी फ्री डिश सोडूनच गेली होती. ३९९ रुपयांचा या दोन्हींशी काही संबंध नव्हता.

फ्री डिशला रिचार्ज हा प्रकारच नाही. मुदत नाही, नूतनीकरण नाही, केवायसीसाठी ओटीपी सांगण्याची गरज नाही. घरात वडीलधारी एकटी राहत असतील तर एवढं एक वाक्य त्यांना सांगून ठेवा: ‘या डिशसाठी कुणी पैसे मागितले तर तो फसवतोय.’ बॉक्स बिघडला तर दुरुस्तीचे किंवा नव्या बॉक्सचे पैसे जातील, पण ते समोरच्या दुकानात, वस्तू हातात घेऊन.

मग हा सगळा पसारा चालतो कशावर?

खाजगी वाहिन्यांच्या पैशांवर. प्रसार भारती उपग्रहावरच्या जागांचा, म्हणजे स्लॉटचा, ई-लिलाव करते. ज्या वाहिनीला आपल्यासारख्या घरांत पोचायचं आहे ती बोली लावते. मोठ्या हिंदी मनोरंजन वाहिन्यांच्या बोली वर्षाला कोटींच्या घरात असतात. तो खर्च वाहिन्या जाहिरातींतून भरून काढतात. दूरदर्शनच्या वाहिन्यांना हा लिलाव लागू नाही, त्या कायम असतात.

हे एकदा लक्षात घेतलं की पुढच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं आपोआप सुटतात.

काल दिसणारं चॅनेल आज गायब का होतं?

बहुतेक वेळा लिलावामुळे. स्लॉटचं मुख्य वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असं धरलं जातं, म्हणून मार्च संपला की मोठी उलथापालथ होते. मध्येही रिकाम्या जागांचे छोटे लिलाव होतात. ज्या वाहिनीने बोली लावली नाही किंवा जिची बोली कमी पडली, ती जाते.

कधी वाहिन्या स्वतःहून निघून जातात. २०१९ च्या सुरुवातीला स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल आणि रिश्ते या चारही हिंदी वाहिन्यांनी फ्री डिश सोडली, २०२० मध्ये त्या परत आल्या आणि एप्रिल २०२२ पासून पुन्हा गेल्या. जी वाहिनी इकडे फुकट दिसते तिच्यासाठी केबल किंवा खाजगी डीटीएचवर लोक पैसे का देतील, हा त्यांच्यापुढचा पेच. २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे या क्षेत्राच्या सरकारी नियामकाने, नियमच केला की फ्री डिशवर फुकट दिसणारी वाहिनी बाकी सगळीकडेही फ्री-टू-एअर, म्हणजे विनाशुल्क, जाहीर करावी लागेल.

वाहिनी गेली असं दिसलं की आधी बॉक्सवर नव्याने स्कॅन करा. पुष्कळदा वाहिनी गेलेली नसते, तिची जागा बदललेली असते आणि बॉक्सकडे जुनाच पत्ता असतो.

मराठी काय बघायला मिळतं?

हमखास मिळते ती सह्याद्री. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, आणि सह्याद्री ही त्याच घरातली वाहिनी. सकाळ-संध्याकाळच्या बातम्या, शेतीचे कार्यक्रम, नाटक, संगीत सगळं तिथे असतं. सह्याद्रीवर बातम्यांच्या वेळी आरडाओरड नसते, आणि माझ्या लेखी ही एक गोष्टसुद्धा डिश बसवायला पुरेशी आहे.

खाजगी मराठी वाहिन्या असतात, पण कुठल्या आणि किती हे लिलावावर ठरतं. त्यात चित्रपटाच्या आणि बातम्यांच्या वाहिन्यांचा भरणा जास्त. रात्री आठच्या गाजणाऱ्या मालिका ज्या मोठ्या मराठी वाहिन्यांवर लागतात, त्या पैसे भरूनच बघाव्या लागतात. घरात त्या मालिकांवाचून चालत नसेल तर फ्री डिश घेऊन निराशा होईल. हे मी बसवायच्या आधीच सांगतो.

दुकानदार म्हणतो ‘पाचशे चॅनेल’. खरं आहे का?

आकडा पूर्ण खोटा नाही, पण त्यात शाळा-कॉलेजच्या शैक्षणिक वाहिन्यांचा वाटा फार मोठा आहे. करमणूक, बातम्या, चित्रपट, गाणी, भक्ती अशा रोज बघण्याच्या वाहिन्या त्यातला छोटा हिस्सा आहेत. त्या तेवढ्याच धरून हिशोब करा.

एमपीईजी-२ आणि एमपीईजी-४ बॉक्स यांत काय फरक?

चित्र दाबून पाठवण्याच्या या दोन पद्धती. एमपीईजी-४ नवी, तेवढ्याच जागेत जास्त वाहिन्या बसवणारी. जुना बॉक्स फक्त एमपीईजी-२ वाहिन्या दाखवतो. नवा बॉक्स दोन्ही दाखवतो. शेजाऱ्याकडे दिसणारी वाहिनी तुमच्याकडे येत नसेल, आणि दोघांची डिश एकाच दिशेला असेल, तर कारण बहुधा हेच असतं. नवीन घेताना एमपीईजी-४ च घ्या, एचडीएमआयचं तोंड असलेला.

माझ्या टीव्हीला मागे ‘एलएनबी इन’ असं तोंड आहे. बॉक्स नको का मग?

नको. टीव्हीतच उपग्रह ट्यूनर असेल तर डिशची केबल थेट तिथे लावा, मेनूत सॅटेलाइट निवडा, एलएनबीची फ्रिक्वेन्सी ९७५०/१०६०० ठेवा आणि स्कॅन करा. उघड्या वाहिन्या लागतात. एक रिमोट कमी, एक प्लग कमी. पुष्कळ घरांत हे तोंड असूनही कुणी वापरलेलं नसतं, म्हणून बॉक्सवर पैसे घालण्याआधी टीव्हीच्या मागे एकदा बॅटरी मारून बघा.

डिश कुठल्या दिशेला लावायची?

आग्नेयेला. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून तो सोडला गेला आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर तो आहे. पृथ्वीच्या फिरण्याबरोबरच फिरत असल्याने आपल्याला तो एकाच जागी उभा दिसतो, म्हणून डिश एकदा घट्ट केली की झालं.

पुण्याहून बघितलं तर उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने साधारण १३२ अंश, आणि क्षितिजापासून वर जवळपास ५९ अंश. नागपूरला तो दक्षिणेकडे थोडा सरकतो: दिशा १४४ अंशांच्या आसपास, उंची ६० अंश. बाकी महाराष्ट्र साधारण या दोन आकड्यांच्या जवळपासच येतो.

इथे बहुतेकांची एक फसगत होते. ६० सेंटिमीटरची नेहमीची डिश ‘ऑफसेट’ असते. तिचं तोंड जितकं वर दिसतं, त्यापेक्षा तिची नजर सुमारे २५ अंश अधिक वर असते. त्यामुळे बरोबर लावलेली डिश बघणाऱ्याला बरीच उभी वाटते, आणि तोंड ‘आकाशाकडे’ केलेली डिश उपग्रहाच्या डोक्यावरून बघत बसते.

लावताना असं करा. खांब आधी ओळंब्यात उभा हवा. खांब तिरका असेल तर पुढचं सगळं मोजमाप चुकतं. मागच्या पट्टीवरचे नट अर्धवट सैल ठेवा, डिश हाताने ढकलली तर सरकेल आणि सोडली तर थांबेल इतपत. एलएनबी तिच्या कडीत तिरपी फिरवावी लागते, ती सरळ ठेवली तर सिग्नल अर्धा राहतो. आता टीव्हीवर सिग्नलचं पान उघडून एकाला समोर बसवा. तिथे दोन पट्ट्या दिसतात. ‘स्ट्रेंग्थ’ची पट्टी एलएनबीला वीज पोचली की भरतेच, तिच्याकडे बघू नका. बघायची ती ‘क्वालिटी’. डिश डावी-उजवीकडे बोटभर सरकवा, आणि हात काढून दोन-तीन सेकंद थांबा. बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. घाई करणारा माणूस उपग्रहावरून तीनदा जातो आणि त्याला कळतही नाही. क्वालिटी दिसली की आधी डावं-उजवं, मग वर-खाली, असं पट्टी सर्वात भरेपर्यंत करा, आणि नट आळीपाळीने आवळा. एकाच बाजूचा नट आधी पूर्ण आवळला तर डिश त्या बाजूला ओढली जाते आणि मिळवलेलं निसटतं.

क्वालिटी आली पण सगळ्या वाहिन्या बंद किंवा अनोळखी निघाल्या, तर तुम्ही दीड अंशावरच्या शेजाऱ्याला पकडलंय. ९५ अंशावर खाजगी सेवेचे उपग्रह आहेत. डिश केसभर पश्चिमेकडे, म्हणजे दक्षिणेच्या बाजूला, सरकवा.

मोबाइलचा कंपास डिशच्या जवळ धरू नका, लोखंडामुळे तो चुकतो. चार पावलं लांब उभं राहून दिशा बघा आणि समोरचं एखादं झाड किंवा पाण्याची टाकी खूण म्हणून धरा.

आड झाड येतंय का, हे कसं ओळखायचं?

याची एक छान युक्ती आहे, सूर्याची. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या आसपास, महाराष्ट्रातून बघताना सूर्य नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी डिशवर ऊन पडत असेल तर वाट मोकळी आहे. आंब्याची फांदी डिशवर सावली धरत असेल तर तीच फांदी सिग्नलही अडवते. वर्षाच्या इतर दिवसांत हा अंदाज असा थेट मिळत नाही, कारण सूर्याची वाट वर-खाली होत राहते.

याच दिवसांत काही मिनिटं चित्र फुटतं किंवा जातं. सूर्याकडून येणारा रेडिओ गोंगाट उपग्रहाच्या क्षीण सिग्नलला झाकून टाकतो. काही दिवस रोज त्याच वेळी असं होतं आणि आपोआप थांबतं. तेव्हा डिश हलवू नका.

पावसात चित्र का जातं?

फ्री डिश केयू बँडवर येते. तिच्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या, त्यामुळे जोराच्या सरीतले थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. कोकणात-घाटात जून-जुलैत हे चालायचंच. सर ओसरली की चित्र परत येतं.

पण रिपरिप पावसातही चित्र जात असेल तर दोष पावसाचा नाही. डिश नीट मधोमध लागलेली नाही, म्हणून सिग्नलला राखीव काही उरत नाही. किंवा कनेक्टरमध्ये पाणी गेलंय. एलएनबीचा कनेक्टर काढून बघा: तांब्याची तार हिरवी-काळी पडली असेल तर ते टोक कापा, नवीन कनेक्टर लावा, वर रबरी टेप गुंडाळा. आणि केबल एलएनबीतून सरळ खाली न सोडता तिला एक लोंबता वळसा द्या. पाणी त्या वळशाच्या तळाशी गळून पडतं, आत शिरत नाही.

एका डिशवर दोन टीव्ही चालतात का?

चालतात, पण दहा-वीस रुपयांच्या स्प्लिटरने नव्हे. प्रत्येक बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट देऊन ‘उभ्या लहरी दे’ किंवा ‘आडव्या लहरी दे’ असं सांगत असतो. एका तारेवर दोन बॉक्सनी वेगवेगळं सांगितलं की एकाचं चित्र जातं. दोन तोंडांची एलएनबी घ्या आणि प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र केबल ओढा.

आधीच्या खाजगी डीटीएचची डिश वापरता येईल?

डिश, खांब आणि केबल बहुतेक वेळा वापरता येतात, एलएनबीही पुष्कळदा चालते. बॉक्स चालत नाही, तो त्या कंपनीच्या सेवेलाच बांधलेला असतो. फक्त डिश नव्याने रोखावी लागते. आणि बॉक्स कंपनीचा आहे की तुमचा, हे करारात बघा. परत द्यायचा असेल तर पावती घ्या.

खाजगी डीटीएचवरही ‘फ्री’ चॅनेल असतातच की. मग फरक काय?

तिथे फ्री-टू-एअर वाहिनीला स्वतःची किंमत नसते, पण त्या वाहिन्या घरापर्यंत आणण्यासाठी नेटवर्क शुल्क लागतं. हे शुल्क आधी महिन्याला १३० रुपये अधिक कर एवढ्यावर बांधलेलं होतं, २०२४ मध्ये ट्रायने ती मर्यादा काढून ते कंपन्यांवर सोपवलं. म्हणजे वाहिनी फुकट असली तरी वाट फुकट नाही. फ्री डिशवर वाटही फुकट आहे.

क्रिकेट दिसतं का?

दिसतं, आणि याच्यामागे कायदा आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या स्पर्धांचं थेट प्रक्षेपण हक्कधारक कंपनीला प्रसार भारतीला द्यावंच लागतं, जाहिरातीच्या उत्पन्नातला किमान ७५ टक्के वाटा त्या कंपनीकडे राहतो. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने, विश्वचषकाचे उपांत्य आणि अंतिम सामने यात येतात. सगळे कसोटी सामने येत नाहीत. आयपीएल यात नाही.

२२ ऑगस्ट २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की असं मिळालेलं प्रक्षेपण प्रसार भारतीने स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपकांवर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, केबल आणि खाजगी डीटीएचवर नाही. म्हणून डीडी स्पोर्ट्स दोन्हीकडे असूनही सामना तुमच्याकडे चालू असतो आणि महिन्याला पैसे भरणाऱ्या शेजाऱ्याकडे त्याच वाहिनीवर दुसरंच काही. त्या संध्याकाळी आमच्या आळीत सगळ्यांच्या चपला फ्री डिशवाल्याच्या दारात असतात.

मुलांच्या अभ्यासाला उपयोग होतो?

होतो, आणि याकडे लोकांचं सर्वात कमी लक्ष जातं. केंद्र सरकारच्या पीएम ई-विद्या उपक्रमात २०२० पासून ‘एक इयत्ता, एक वाहिनी’ आहे, पहिली ते बारावी. पुढे या वाहिन्यांची संख्या २०० पर्यंत वाढवायचं ठरलं, प्रादेशिक भाषांसह. कॉलेजच्या पातळीवर स्वयंप्रभा आहे, जुलै २०१७ मध्ये ३२ वाहिन्यांनी सुरू झालेली. ती याच उपग्रहावरून येते, म्हणजे वेगळी डिश नको. इंटरनेट जिथे दुपारी येतं आणि संध्याकाळी जातं, अशा वस्तीत दहावीच्या मुलीला रोज ठरल्या वेळी गणिताचा तास मिळणं ही लहान गोष्ट नाही. वाहिन्या दिसल्या नाहीत तर बॉक्स एमपीईजी-४ आहे ना बघा आणि पूर्ण स्कॅन करा.

रेडिओ?

आकाशवाणीची ४८ रेडिओ चॅनेल आहेत. रिमोटवर टीव्ही/रेडिओ बदलण्याचं बटण असतं, ते दाबा. खरखर न होता विविध भारती.

जुना गच्चीवरचा अँटेना चालेल का?

नाही. दूरदर्शनची ती जुनी अॅनालॉग प्रक्षेपणं मार्च २०२२ अखेरपर्यंत जवळजवळ सगळीकडे बंद झाली, मोजकी ठिकाणं सोडून. तो खांब मात्र काढू नका. सरळ उभा आणि पक्का असेल तर डिश त्यावरच बसेल.

सरकार बॉक्स फुकट देतं असं ऐकलं.

सगळ्यांना नाही. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या २,५३९.६१ कोटी रुपयांच्या, प्रसारणाचं जाळं सुधारण्यासाठीच्या बिंद योजनेत दुर्गम, आदिवासी, नक्षलप्रभावित आणि सीमावर्ती भागांसाठी ८ लाखांहून अधिक बॉक्स मोफत देण्याची तरतूद केली गेली. तुमचं गाव अशा भागात येत असेल तर ग्रामपंचायतीत विचारा. ‘फॉर्म भरा, नोंदणी फी द्या’ म्हणणाऱ्या व्हॉट्सअॅप लिंकवर काही भरू नका.

भाड्याच्या घरात राहतो. भिंतीला भोकं पाडायची मालकांची परवानगी नाही.

खांब सिमेंटच्या जड डब्यात उभा करा. तेलाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात मधोमध पाइप धरून काँक्रीट ओता, ओळंबा लावून दोन दिवस हलवू नका. असा डबा आग्नेयेकडे तोंड असलेल्या गॅलरीतही चालतो, फक्त वरच्या मजल्याचा सज्जा आड येत नाही ना ते बघा, कारण उपग्रह बराच उंच आहे. वळवाच्या वाऱ्यात डबा हलला तर चित्र जातं, म्हणून वर दोन विटा ठेवा. घर बदलताना डब्यासकट उचलून न्यायचा, आणि नव्या गच्चीवर पुन्हा क्वालिटीची पट्टी बघत फिरवायचा.